तीस हजार माणसांचा दाखला

घाटनांदूरच्या एका शिक्षक वाचकांनी आमच्याकडे एक जाडसर पाकीट पाठवले. आत गुळगुळीत कागदावर चार रंगांत छापलेले एक माहितीपत्रक आणि सोबत पाठपोट लिहिलेले पत्र. घाटनांदूर हे बीड जिल्ह्यातल्या अंबाजोगाई तालुक्याचे, परळीहून लातूर रोडकडे जाणाऱ्या लोहमार्गावरचे गाव. तिथल्या एका आरोग्य शिबिरात हे पत्रक वाटले गेले. नववीतल्या एका मुलीने ते शाळेत आणले, कारण तिच्या घरी त्या पत्रकातल्या गोळ्यांची डबी आजोबांसाठी घेतलेली होती. महिनाभराच्या डबीची किंमत शेतावरच्या चार दिवसांच्या मजुरीएवढी.

पत्रकातला मुख्य दावा असा : जीवनसत्त्वे आणि खनिजे यांच्या रोजच्या गोळीने अन्ननलिकेच्या कर्करोगापासून संरक्षण मिळते, आणि ही गोष्ट चीनमध्ये तीस हजार माणसांवर शास्त्रीय प्रयोग करून सिद्ध झाली आहे. शिक्षकांनी लिहिले होते, "भोंदू बाबाचा अंगारा असता तर मी मुलांना लगेच सांगितले असते. पण इथे प्रयोगाचा दाखला आहे. प्रयोगाने ठरते ते मानावे, हे आम्हीच वर्गात शिकवतो. आता या मुलीला काय सांगू?"

प्रश्न इतका नेमका होता की या वेळचे पाने आम्ही त्यालाच द्यायचे ठरवले. पत्राच्या शेवटी मात्र आणखी एक ओळ होती. आजोबांना दोन महिन्यांपासून भाकरी गिळताना अडकते, ते ती वरणात कुस्करून खातात. ती ओळ वाचून आम्ही लेख बाजूला ठेवला आणि आधी दूरध्वनी केला. त्याबद्दल पुढे सांगू.

पहिली गोष्ट ही की पत्रकातला प्रयोग खरा आहे. चीनच्या हनान प्रांतात लिन्शियन नावाचा डोंगराळ तालुका आहे. आता त्याला लिन्झोउ म्हणतात. अन्ननलिकेच्या आणि जठराच्या वरच्या तोंडाच्या कर्करोगाचे प्रमाण तिथे जगात सर्वाधिक असलेल्या ठिकाणांत मोडत असे. तिथल्या कोंबड्यांनाही घशाखालच्या नळीचा कर्करोग झालेला आढळला होता. माणसाला आणि त्याच्या अंगणातल्या कोंबडीला एकच रोग होतो म्हटल्यावर संशय अन्नपाण्यावर जाणे साहजिक होते. लोकांचे खाणे मका, बाजरीसारखी भरड धान्ये, रताळी आणि मुरवलेल्या भाज्या. ताजी फळे फार थोडी. रक्ताच्या तपासणीत अनेक जीवनसत्त्वांची आणि सेलेनियमची कमतरता दिसत होती. जस्त कमी मिळालेल्या उंदरांना विशिष्ट नायट्रोसअमाइन दिले तर त्यांच्या अन्ननलिकेत अधिक गाठी होतात, हे प्रयोगशाळेत आधीच दिसले होते. तेव्हा कमतरता भरून काढली तर रोग कमी होईल का, हा प्रश्न वेडगळ नव्हता. चिनी आणि अमेरिकी कर्करोग संस्थांनी मिळून तो तपासायला घेतला.

मार्च १९८६ ते मे १९९१, सव्वापाच वर्षे. ४० ते ६९ वयाची २९,५८४ माणसे. चार वेगवेगळी मिश्रणे होती. त्यांना आपण क, ख, ग, घ म्हणू. क मध्ये अ जीवनसत्त्व आणि जस्त. ख मध्ये रायबोफ्लेविन (ब-२) आणि नायसिन. ग मध्ये क जीवनसत्त्व आणि मॉलिब्डेनम. घ मध्ये बीटा-कॅरोटीन, ई जीवनसत्त्व आणि सेलेनियम. कोणाला काय मिळते ते घेणाऱ्यालाही ठाऊक नाही आणि देणाऱ्यालाही नाही. काहींना दिसायला तशीच पण आत काहीच नसलेली गोळी. प्रयोगाची ही शिस्त कौतुकास्पद आहे. पाच वर्षांहून अधिक काळ हजारो घरांत गोळ्या पोचवणे, त्या घेतल्या की नाही ते पाहणे आणि प्रत्येक मृत्यूची नोंद ठेवणे हे काम किती चिकाटीचे, हे पल्स पोलिओच्या कामाला किंवा जनगणनेला जुंपले गेलेल्या शिक्षकांना वेगळे सांगायला नको.

आता निकाल. तो १९९३ साली प्रसिद्ध झाला. क, ख आणि ग या मिश्रणांनी एकूण मृत्यू किंवा कर्करोगाचे मृत्यू नजरेत भरण्याइतके कमी झाले नाहीत. घ मिश्रण मिळालेल्यांत मात्र एकूण मृत्यू ९ टक्क्यांनी आणि कर्करोगाचे मृत्यू १३ टक्क्यांनी कमी झाले. पत्रकात हे दोन्ही आकडे मोठ्या अक्षरांत आहेत आणि बरोबर आहेत. पत्रकात नसलेली ओळ अशी, की ही घट मुख्यतः जठराच्या कर्करोगामुळे दिसली. त्याचे मृत्यू २१ टक्क्यांनी कमी झाले होते. अन्ननलिकेच्या कर्करोगाच्या मृत्यूंत फरक पडला तो ४ टक्क्यांचा, आणि एवढा फरक निव्वळ योगायोगानेही पडू शकतो. म्हणजे ज्या रोगाच्या नावावर घाटनांदुरात डबी विकली गेली, त्याच रोगावर या प्रयोगाचे उत्तर 'दिसले नाही' असे आहे. आकडा जठराचा, जाहिरात अन्ननलिकेची.

यात एक भर घालायला हवी, नाहीतर आम्हीही पत्रकासारखेच वागलो असे होईल. ख मिश्रण, म्हणजे रायबोफ्लेविन आणि नायसिन, मिळालेल्यांत अन्ननलिकेचा कर्करोग होण्याचे प्रमाण १४ टक्क्यांनी कमी दिसले होते. पण तेही योगायोगाच्या मर्यादेतच राहिले. चार मिश्रणे आणि प्रत्येकापुढे पाच-सहा निरनिराळे निकाल तपासले की एखाद-दुसरा आकडा आशा लावणारा निघतोच. वीस मुलांना प्रत्येकी पाच वेळा नाणे उडवायला सांगा. एखाद्याच्या हाती पाचही वेळा छापा आला तर त्याचा हात चमत्कारी ठरत नाही.

या प्रयोगाची आखणीही वर्गात मांडण्यासारखी आहे. चार मिश्रणे, प्रत्येक एकतर द्यायचे किंवा नाही द्यायचे, म्हणजे सोळा प्रकारचे गट होऊ शकतात. संशोधकांनी आठच गट केले. एकाला काहीच नाही, एकाला चारही मिश्रणे, आणि उरलेल्या सहांना दोन-दोन मिश्रणांच्या जोड्या. (चारांतून दोन निवडण्याचे सहा प्रकार. मुलांना मोजू द्यावे.) कमी गटांत जास्त माहिती मिळवण्याची ही पद्धत रास्त आहे, पण तिची एक किंमत असते. घ हे मिश्रण एकट्याने घेणारा गटच इथे नव्हता. ज्याला घ मिळाले त्याला सोबत आणखी काहीतरी मिळालेच. शिवाय घ च्या पोटात तीन पदार्थ. गुण बीटा-कॅरोटीनचा, ई जीवनसत्त्वाचा की सेलेनियमचा, हे या प्रयोगातून कळत नाही. पत्रकातल्या गोळीत एकूण २९ पदार्थ आहेत. 'या गोळीवर प्रयोग झाला' असे म्हणणे म्हणजे पुरणपोळी चांगली झाली म्हणून त्याच डाळीच्या आमटीला बक्षीस देण्यासारखे आहे.

९ टक्के हा आकडाही नुसता गिळू नये. प्रयोगाच्या काळात एकूण २,१२७ माणसे दगावली. घ मिळालेले आणि न मिळालेले असे दोन भाग केले तर प्रत्येकात सुमारे १४,८०० माणसे येतात. न मिळालेल्यांत क्ष मृत्यू धरले तर मिळालेल्यांत ०.९१ क्ष, आणि दोन्हींची बेरीज २,१२७. नववीची मुले हे समीकरण फळ्यावर सोडवतील. क्ष येतो सुमारे १,११४ आणि दुसरी संख्या सुमारे १,०१३. फरक शंभराचा. म्हणजे हजार माणसांनी सव्वापाच वर्षे रोज गोळी घेतली तेव्हा सुमारे सात मृत्यू टळले. गणित ढोबळ आहे, पण चित्र तेच राहते. सात माणसे वाचणे ही लहान गोष्ट नव्हे, आणि लिन्शियनमध्ये ती मोलाचीच होती. पण तिथे दगावलेल्यांपैकी ३२ टक्के माणसे अन्ननलिकेच्या किंवा जठराच्या कर्करोगाने गेली होती, हेही त्याच अहवालात आहे. रोगच एवढा माजलेला असताना नऊ टक्क्यांतून हजारी सात निघतात. रोग जिथे कमी, तिथे तेच नऊ टक्के किती माणसे वाचवतील?

आणि इथेच बीड जिल्ह्याची गोष्ट येते. आपल्या या भागाची कर्करोगाची नोंद चांगली जुनी आहे. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे १९८७ साली देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. तिच्यात बार्शीबरोबर परांडा आणि भूम हे तालुके घेतले होते. पुढे उस्मानाबाद (आताचे धाराशिव) आणि बीड या जिल्ह्यांचीही नोंदणी होऊ लागली. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय अहवालात देशातील सर्व नोंदणी केंद्रांची तुलना आहे. वयोमानातला फरक काढून टाकल्यावर सर्व प्रकारच्या कर्करोगांचे सर्वांत कमी प्रमाण त्यात उस्मानाबाद-बीडचे निघाले : वर्षाला लाख पुरुषांमागे ३९.५ आणि लाख स्त्रियांमागे ४९.४. त्याच अहवालात मेघालयातील पूर्व खासी टेकड्यांच्या जिल्ह्यात एकट्या अन्ननलिकेच्या कर्करोगाचे प्रमाण पुरुषांत लाखामागे ७५.४ आहे. तिथला एक रोग आपल्याकडच्या सगळ्या कर्करोगांच्या जवळजवळ दुप्पट.

हे आकडे वाचून बीडकरांनी निर्धास्त व्हावे असे आम्ही म्हणणार नाही. जो रोगी दवाखान्यापर्यंत पोचत नाही, ज्याचे निदानच होत नाही, तो नोंदीत यायला अडचण असते. ग्रामीण नोंदणीत ही शंका नेहमीच ठेवावी लागते. तरीही लिन्शियनची टक्केवारी उचलून घाटनांदुरात आणता येत नाही, एवढे यातून नक्की कळते.

त्याहून मोठा फरक कारणांचा. लिन्शियनमध्ये तंबाखू आणि दारू ही मुख्य कारणे नव्हती. कमतरतेचा संशय होता म्हणूनच तर गोळ्यांचा प्रयोग तिथे झाला. आपल्याकडे कारण खिशातल्या चंचीत असते. तंबाखू-चुना, गुटखा, सुपारी, विडी, दारू, आणि बायकांच्या दातांना लागणारी भाजलेल्या तंबाखूची मशेरी. चघळायच्या तंबाखूमुळे तोंडाचाच नव्हे तर अन्ननलिकेचाही कर्करोग होतो, असा निष्कर्ष जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने काढलेला आहे. मुंबईत डॉ. जसावाला आणि देशपांडे यांनी तंबाखू खाणाऱ्या-ओढणाऱ्यांतील तोंड, घसा आणि अन्ननलिका यांच्या कर्करोगाचा धोका मोजून १९७१ साली प्रसिद्ध केला होता. म्हणजे ही गोष्ट आपल्याला पन्नास वर्षांहून अधिक काळ ठाऊक आहे. २०१६-१७ च्या पाहणीत महाराष्ट्रातील २४.४ टक्के प्रौढ बिनधुराचा तंबाखू वापरताना आढळले. गुटख्यावर राज्यात २०१२ साली बंदी आली. ती टपरीवर किती पाळली जाते हे वाचकांनी शाळेच्या फाटकातून बाहेर पडताना स्वतः पाहावे. आमच्याकडे आलेल्या पत्रकाची चारही पाने आम्ही दोनदा वाचली. तंबाखू हा शब्द त्यात कुठेही नाही.

तंबाखू सोडवत नाही, निदान गोळी तरी घ्यावी, असे एखादा म्हणेल. त्याच्यासाठी दोन प्रयोग सांगतो. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या २९,१३३ पुरुषांवर ई जीवनसत्त्व आणि बीटा-कॅरोटीनचा प्रयोग झाला. १९९४ साली निकाल लागला तेव्हा बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी होण्याऐवजी १८ टक्क्यांनी जास्त निघाला. अमेरिकेत धूम्रपान करणाऱ्या आणि अॅस्बेस्टॉसशी संबंध आलेल्या १८,३१४ माणसांवरचा असाच प्रयोग १९९६ साली मुदतीपूर्वी थांबवावा लागला. गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग २८ टक्क्यांनी जास्त होता. गाजरातला निरुपद्रवी रंग म्हणून ज्याच्याकडे पाहिले जाई, त्याच पदार्थाची ही गोष्ट. हे प्रयोग फुप्फुसाचे आणि धुराचे आहेत, अन्ननलिकेचे आणि चघळण्याचे नाहीत, हे खरे. पण तंबाखू घेणाऱ्याला 'निदान अपाय तरी नाही' असे सांगण्याचा अधिकार त्यानंतर कोणाला उरत नाही. २०२२ साली अमेरिकेतल्या प्रतिबंधक उपचारांच्या तज्ज्ञ मंडळाने कर्करोग टाळण्यासाठी बीटा-कॅरोटीन आणि ई जीवनसत्त्व घेऊ नये अशीच शिफारस केली.

लिन्शियनमध्ये दुसराही एक प्रयोग झाला होता. पत्रककर्त्यांना तो माहीत नसेल असे आम्हाला वाटत नाही, कारण तोही त्याच वर्षी प्रसिद्ध झाला. गिळायला दिलेल्या फुग्याने अन्ननलिकेतल्या पेशी खरवडून तपासल्या आणि ज्यांच्या पेशी आधीच बिघडलेल्या होत्या अशी ३,३१८ माणसे निवडली. कर्करोगाच्या उंबरठ्यावरची माणसे. अर्ध्यांना सहा वर्षे रोज २६ जीवनसत्त्वे आणि खनिजे दिली, अर्ध्यांना लटकी गोळी. पत्रकातल्या डबीशी सगळ्यांत जवळचा प्रयोग हाच. अन्ननलिका आणि जठराचे वरचे तोंड यांच्या कर्करोगाने होणारे मृत्यू गोळीवाल्यांत ८ टक्क्यांनी कमी दिसले. पण अनिश्चितता लक्षात घेता खरा परिणाम एक-तृतीयांश घटीपासून पाव हिश्श्याहून अधिक वाढीपर्यंत काहीही असू शकत होता. अशा निकालाला 'सिद्ध झाले' म्हणत नाहीत.

पहिल्या प्रयोगातल्या माणसांकडे पुढेही लक्ष ठेवले गेले. गोळ्या बंद झाल्यावर दहा वर्षांनी केलेली मोजणी २००९ साली प्रसिद्ध झाली, आणि तिच्यात विचार करायला लावणारी गोष्ट आहे. सुरुवातीला ५५ पेक्षा कमी वय असलेल्यांत घ मिश्रणाने अन्ननलिकेच्या कर्करोगाचे मृत्यू १७ टक्क्यांनी कमी झाले होते. ५५ किंवा त्याहून अधिक वय असलेल्यांत ते १४ टक्क्यांनी वाढले होते. वयाप्रमाणे असे तुकडे पाडून काढलेले निष्कर्ष सांभाळूनच घ्यावे लागतात. पण आजोबांच्या वयाच्या माणसासाठी डबी घेणाऱ्याला हे दोन्ही आकडे सांगायला हवेत की नकोत? आणखी पुढच्या पाठपुराव्यात एकूण मृत्यूंवरचा तो ९ टक्क्यांचा फायदाही टिकलेला दिसला नाही.

आपल्या देशातला एक प्रयोग इथे जवळचा आहे. केरळात कोळी समाजातल्या, तोंडात पांढरे चट्टे असलेल्या माणसांना अ जीवनसत्त्व किंवा बीटा-कॅरोटीन देऊन पाहिले गेले. १९९७ साली तो प्रसिद्ध झाला. अ जीवनसत्त्व घेणाऱ्या निम्म्या माणसांचे चट्टे पूर्ण गेले, लटकी गोळी घेणाऱ्यांत दहातल्या एकाचे. उत्साह वाटावा असाच निकाल. पण औषध थांबल्यावर बऱ्या झालेल्यांपैकी बहुतेकांचे चट्टे परत आले. शिवाय ते डोस डॉक्टरांच्या देखरेखीखालचे, शिबिरातल्या डबीतले नव्हेत. अ जीवनसत्त्व शरीरात साठते आणि जास्त झाले तर यकृताला बाधते.

मग खनिजांचा आणि अन्ननलिकेचा काहीच संबंध नाही का? एक आहे, आणि तो आपल्याकडच्या बायकांच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. लोहाच्या फार दिवसांच्या कमतरतेमुळे, विशेषतः स्त्रियांत, अन्ननलिकेच्या वरच्या भागात पातळ पडदे तयार होतात आणि घास अडकू लागतो. अशा रुग्णांत तिथला कर्करोग होण्याचा धोका वाढतो. पूर्वी स्वीडनमध्ये हा विकार बराच दिसे. पोषण सुधारले तसा तो दुर्मिळ झाला. रक्त तपासून लोह दिले की गिळण्याचा त्रास पुष्कळदा कमी होतो. पण इथे कमतरता आधी मोजली जाते, दुर्बिणीने आत पाहिले जाते आणि मग औषध दिले जाते. उणीव असलेल्याला ती भरून देणे आणि धडधाकट माणसाला कर्करोगाच्या भीतीने २९ पदार्थ विकणे, या दोन गोष्टी पत्रकाने एकाच डबीत कोंबल्या आहेत.

कायद्याबद्दल थोडक्यात. औषधांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धचा १९५४ चा केंद्रीय कायदा ज्या रोगांबाबत उपचाराची किंवा प्रतिबंधाची जाहिरात करू देत नाही, त्या यादीत कर्करोग आहे. अन्नपूरक म्हणून विकल्या जाणाऱ्या डबीवर ती औषधी वापरासाठी नाही असे छापणे बंधनकारक आहे. शिक्षकांनी आमच्या सांगण्यावरून ती डबी मागवून घेतली. भिंग लावल्यावर ती ओळ सापडली. ती इंग्रजीत होती, आणि नववीच्या वर्गाने तिचा अर्थ लावला.

आजोबांच्या गोष्टीकडे वळतो. कोरडी भाकरी अडकणे, मग मऊ भात अडकणे, मग पाणी, आणि सोबत वजन उतरणे, हा क्रम अन्ननलिकेच्या कर्करोगात नेहमीचा आहे. त्रास जाणवतो तोवर नळी बरीच आवळलेली असते, म्हणून प्रत्येक आठवडा मोलाचा. घरच्यांनी ठरवले होते, तीन महिन्यांच्या गोळ्या होऊ द्या, मग बघू. डबीच्या किमतीपेक्षा हे तीन महिने महाग पडतात, आणि पत्रकावर आमचा सगळ्यांत मोठा आक्षेप हाच आहे. घास अडकणाऱ्याने काय करावे याबद्दल त्यात एक अक्षर नाही.

बार्शीच्या नोंदणीचे कार्यकर्ते गावोगाव फिरून रोग्यांची माहिती गोळा करतात, आणि ती करताना लोकांना बसवून कर्करोगाची लक्षणेही समजावून सांगतात. या बोलण्याचा परिणाम काय झाला ते १९९५ साली प्रसिद्ध झाले : त्या भागातल्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या स्त्रिया पूर्वीपेक्षा लवकरच्या टप्प्यात दवाखान्यात येऊ लागल्या होत्या. रोग वेगळा, पण माणसे आपल्याच मुलखातली, आणि त्यात विकायची डबी कोणतीही नव्हती.

दूरध्वनीवर आम्ही शिक्षकांना एवढेच सांगितले की गोळीचा वाद मागाहून, आधी दुर्बिणीची तपासणी. ते दुसऱ्याच दिवशी मुलीच्या वडिलांना आणि आजोबांना घेऊन अंबाजोगाईला गेले. आजोबांनी वाटेत तंबाखूची चंची नातीकडे दिली आणि परत येईपर्यंत मागितली नाही, असे त्यांनी कळवले आहे. आत सापडलेल्या जागेचा तुकडा काढून तपासायला दिला आहे. हा अंक छपाईला जाईपर्यंत त्याचा निकाल आलेला नव्हता.